खाण कधी सुरू होणार, हे विचारण्याआधी तिजोरीत किती उरले ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाण म्हणजे काय हे गोव्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पट्टा, बेंच, डंप, टिप्पर, जेटी, बार्ज हे शब्द इथे घराघरांत आहेत. याच ओळखीच्या भरवशावर डिचोली, साखळी, सांगे, कुडचडे भागातले लोक सोने, तांबे, निकेल किंवा लिथियम शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांचे शेअर घेतात आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहत बसतात. मध्येच एखादी घोषणा येते, भाव दोन-चार दिवस वरच्या सर्किटला (दिवसाच्या कमाल वाढीच्या मर्यादेला) लागतो, पुन्हा उतरतो. 'काम कुठवर आले' याचे उत्तर मात्र त्या घोषणेत नसते. अशा भागधारकांनी कंपनीकडे आणि शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे नेमके काय मागायला हवे, यासाठी हे पत्र आहे.

आपल्याकडच्या लोहखनिजाच्या खाणी आणि शोधकंपनी हे दोन वेगळे धंदे आहेत. इथले साठे अनेक दशकांपासून माहीत आहेत, खड्डे तयार आहेत, रस्ते आणि जेटी आहेत. तरीही डिसेंबर 2022 मध्ये लिलाव झालेल्या डिचोलीच्या पहिल्या ब्लॉकवर प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 2024 उजाडले. तो ब्लॉक एका बड्या कंपनीकडे होता आणि पैशाची अडचण नव्हती. शोधकंपनीकडे साठा सिद्ध झालेला नसतो, विक्रीचे उत्पन्न शून्य असते, जमीन बहुधा वनखात्याची किंवा शेतकऱ्यांची असते. तिचा सगळा खर्च भागधारकांच्या पैशातून चालतो. म्हणून तिच्या बाबतीत प्रश्न दोनच: कोणता कागद कोणत्या कार्यालयात अडला आहे, आणि आजच्या गतीने पैसे किती महिने पुरतील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कंपनी देत नसेल तर ते बरेचसे बाहेरून काढता येते. लिलावात पहिली आलेली कंपनी आधी 'प्रीफर्ड बिडर', म्हणजे पसंतीची बोलीदार, ठरते. अग्रिम रकमेचा पहिला हप्ता भरल्यावर तिला सरकारकडून लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे अटी पुऱ्या केल्यास पट्टा देऊ असे पत्र, मिळते. घोषणेत याचेच वर्णन 'खाण मिळाली' असे केले जाते, पण खरे काम त्यानंतर सुरू होते. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सकडून खाण आराखड्याची मंजुरी, पर्यावरण दाखला, वनजमीन असल्यास पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची वनमंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, जमीनमालकाशी पृष्ठभागाच्या हक्काचा व्यवहार, उरलेले हप्ते, विकास व उत्पादन करार, आणि शेवटी खाणपट्ट्याची नोंदणी. कंपोझिट लायसन्स (शोध आणि खाण यांचा एकत्रित परवाना) असेल तर यात शोधकामाचा पूर्ण टप्पा मध्ये येतो. लेटर ऑफ इंटेंटला मुदत असते. ती हुकली की हातात आलेलेही जाते.

यातला सर्वाधिक वेळ खाणारा भाग पर्यावरण दाखल्याचा. आधी संदर्भ अटी, म्हणजे अभ्यासात काय तपासायचे याची यादी, मिळतात, मग पावसाळा वगळून एका हंगामाची हवा, पाणी, आवाज यांची मोजणी करावी लागते. आपल्याकडे मे अखेरपर्यंत ती पुरी झाली नाही तर पुढची संधी ऑक्टोबरनंतरच. म्हणजे कंपनी 'अभ्यास सुरू' असे जूनमध्ये सांगत असेल, तर कोणत्या हंगामाचा, हे विचारावे. त्यानंतर सोने-तांब्यासाठी किमान 30 दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी (निकेल, लिथियमला तिच्यातून 2025 मध्ये सूट मिळाली), मग तज्ज्ञ समिती. हा सगळा प्रवास केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर कोणालाही पाहता येतो. प्रकल्पाचे किंवा कंपनीचे नाव टाकून प्रस्ताव शोधा आणि शेवटची नोंद वाचा. तिथे 'ईडीएस' किंवा 'एडीएस' असे दिसले तर त्याचा अर्थ सरकारने त्रुटी काढून फाइल कंपनीकडे परत पाठवली आहे, चेंडू कंपनीच्या अंगणात आहे. अशा वेळी कंपनी 'सरकारी मंजुरीची प्रतीक्षा आहे' असे सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे. तज्ज्ञ समितीच्या बैठकांचे इतिवृत्तही तिथेच असते. प्रस्ताव का पुढे ढकलला, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

नकाशाही एकदा पाहावा. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 च्या आदेशातही कायम ठेवले आहे. नेत्रावळी, म्हादई, भगवान महावीर यांच्या शेजारी राहणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कंपनीचा ब्लॉक दुसऱ्या राज्यात असला तरी हा नियम तिथेही लागू आहे.

कायदा मध्येच बदलतो, हा धोका आपण गोव्यात पुरेपूर भोगला आहे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे पट्ट्यांचे नूतनीकरण झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यावर पुन्हा सगळे ठप्प झाले. शोधकंपन्यांना असाच फटका 2021 मध्ये बसला. 2015 च्या दुरुस्तीने खाणी लिलावावर गेल्या, तरी ज्यांनी आधीच्या परवान्यावर शोध घेतला होता त्यांचा पट्ट्यावरचा हक्क खाण व खनिज कायद्याच्या कलम 10अ(2)(ब) खाली शिल्लक होता. 28 मार्च 2021 रोजी लागू झालेल्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणांतला तो हक्क संपवला आणि त्याबदली फक्त शोधाचा खर्च परत देण्याची तरतूद केली. जो भागधारक साठ्याची किंमत धरून शेअर घेऊन बसला होता, त्याच्या हाती उरला तो खर्चाचा दावा. नोंदणी झालेला पट्टा हाती येईपर्यंत साठ्याची कितीही कोटींची किंमत सांगितली तरी ती भागधारकाची नव्हे.

आता विंधनाच्या, म्हणजे जमिनीत छिद्रे मारून काढलेल्या नमुन्यांच्या, निकालांकडे येतो, कारण भाव सर्वांत जास्त त्यांनीच उडतो. 'आठ मीटर जाडीत टनामागे तीन ग्रॅम सोने' अशी घोषणा आली असे समजा. पहिली शंका कोनाची. छिद्र आणि खनिजाचा थर यांच्यात 30 अंशांचाच कोन असेल, तर छिद्रात मोजलेल्या आठ मीटरांची खरी जाडी चार मीटर भरते. 'खरी जाडी' हे शब्द घोषणेत नसतील तर आकडा छिद्राच्या लांबीचा आहे असेच धरावे. दुसरी शंका सरासरीची. त्या आठांतल्या एकाच मीटरात 20 ग्रॅम आणि उरलेल्या सातांत जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या वर सोने असले, तरी सरासरी तीनच येते. खाण मात्र त्या एका मीटरावर चालत नाही. म्हणून मीटरवार तक्ता मागावा. तिसरी शंका निकाल न सांगितलेल्या छिद्रांची. 12 छिद्रे मारून चारांचे निकाल आले, तर बाकी आठांचे काय? शिवाय छिद्रातून निघालेल्या दगडी गाभ्याचा अर्धा भाग जपून ठेवला आहे का, प्रयोगशाळेची परीक्षा म्हणून प्रमाणित (सोन्याचे प्रमाण आधीच माहीत असलेले) आणि कोरे (सोने नसलेले) नमुने मध्ये ठेवले होते का, तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, हेही विचारावे. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या इंडोनेशियातल्या बुसांग प्रकल्पात नमुन्यांतच बाहेरचे सोने मिसळले गेले होते. 1997 मध्ये ते उघड झाले आणि कंपनी बुडाली. त्यानंतर कॅनडाने 2001 पासून खनिज साठ्यांच्या जाहीर माहितीसाठी कडक नियम लागू केले.

साठ्याचा आकडाही कोणत्या वर्गातला आहे ते पाहावे. आपल्याकडच्या वर्गीकरणात 111 म्हणजे सिद्ध, काढण्याजोगा साठा. 333 म्हणजे थोड्या पुराव्यांवरून केलेला अंदाज, आणि 334 म्हणजे त्याहूनही ढोबळ. तिन्हींची बेरीज करून एकच मोठा आकडा छापणे ही फसगतीची सुरुवात असते.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि इथेच आपले नियम तोकडे पडतात. भारतात सूचीबद्ध कंपनीला नफा-तोट्याचे आकडे दर तिमाहीला द्यावे लागतात, पण ताळेबंद आणि रोख प्रवाह सहा महिन्यांतून एकदा. एसएमई मंचावरच्या (छोट्या कंपन्यांसाठीच्या वेगळ्या बाजारातल्या) कंपन्यांचे तर सगळेच निकाल सहामाही. विक्रीच नसलेल्या कंपनीचा तिमाही नफा-तोटा वाचून काय कळणार? ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात शोधकंपनीला दर तिमाही संपल्यावर महिन्याच्या आत कामाचा आणि रोखीचा अहवाल द्यावा लागतो. शोधावर किती खर्च झाला, संचालकांना आणि त्यांच्या संबंधितांना किती दिले, बँकेत किती उरले, ते किती तिमाह्या पुरेल, हे त्यात येते. दोन तिमाह्यांपेक्षा कमी पैसे उरले असतील तर पुढे काय करणार, याचे उत्तर लेखी द्यावे लागते. सेबीने खनिज शोधणाऱ्या कंपन्यांसाठी हाच नियम इथे आणावा, ही माझी मुख्य मागणी आहे. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. दोन पानांचा तक्ता पुरेल. अफवांचा खुलासा करण्याची सक्तीही सध्या बाजारमूल्यानुसार पहिल्या 250 कंपन्यांवर आहे. अफवांवर सर्वाधिक हलणारा छोटा शेअर तिच्या बाहेर राहतो.

नियम येईपर्यंत निदान वॉरंटच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्काच्या, घोषणा नीट वाचाव्यात. समजा, 10 कोटी शेअर असलेल्या कंपनीने 40 रुपयांना अडीच कोटी वॉरंट काढले. बातमी होते '100 कोटींची उभारणी'. प्रत्यक्षात वाटपाच्या वेळी 25 टक्के, म्हणजे 25 कोटीच येतात. उरलेले 75 कोटी भरायला 18 महिन्यांची मुदत असते, आणि भाव 40 च्या खाली गेला तर ते भरण्यात कोणाला रस राहत नाही. तेव्हा पहिले 25 कोटी जप्त होतात, पण विंधनाचा कार्यक्रम निम्म्यावर थांबतो. सगळे पैसे आले तर जुन्या भागधारकाचा एक टक्क्याचा वाटा 0.8 टक्क्यावर येतो. हे वाईटच असते असे नाही. पैसा जमिनीत छिद्रे मारायला गेला तर वाटा घटूनही फायदा होतो. तो भाडे, पगार आणि सल्लागारांच्या फीमध्ये गेला तर नाही. वॉरंट काढण्याच्या ठरावाला पडलेल्या मतांपैकी 75 टक्के मते लागतात आणि ई-मतदान घरबसल्या करता येते. छोटे भागधारक मतच देत नाहीत, मग ठराव सहज मंजूर होतो.

वार्षिक अहवालात तीन ठिकाणे सोडू नयेत: लेखापरीक्षकाचा 'गोइंग कन्सर्न'विषयीचा (कंपनी पुढे चालू राहू शकेल का, याविषयीचा) परिच्छेद, संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप, आणि शोधखर्चाची मालमत्ता म्हणून केलेली नोंद. शोधाचा परवाना संपला असेल किंवा पुढचा खर्च अंदाजपत्रकातच नसेल, तर त्या मालमत्तेची किंमत कमी करायला हवी का, हे लेखामानकाप्रमाणे तपासावे लागते. परवाना संपूनही नोंद जशीच्या तशी असेल तर लेखापरीक्षकाला प्रश्न विचारायला हवा.

लिलावातल्या बोलीचे गणितही मांडून पाहावे. डिचोलीच्या त्या ब्लॉकला 63.55 टक्क्यांची बोली लागली, म्हणजे खनिजाच्या किमतीतला तेवढा वाटा सरकारला द्यायचा. सरकारने जाहीर केलेली सरासरी किंमत उदाहरणादाखल टनाला 2,000 रुपये धरली, तर 1,271 रुपये बोलीचे, 15 टक्क्यांनी 300 रुपये रॉयल्टीचे आणि रॉयल्टीच्या 10 टक्क्यांनी 30 रुपये जिल्हा खनिज निधीचे. उरले 399. त्यात माती काढणे, उत्खनन, वाहतूक, पगार आणि व्याज. मोठ्या कंपनीला स्वतःचा कारखाना किंवा स्वतःची जेटी यांचा आधार असतो. छोट्या कंपनीने चढी बोली लावून ब्लॉक घेतला, तर 'ब्लॉक मिळाला' ही आनंदाची बातमी आहे की नाही, हे या उरलेल्या आकड्यावरून ठरते.

मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत होतात. बहुतेक सभा आता व्हिडिओवर असल्याने गोव्यातून बोलता येते, मात्र वक्ता म्हणून नाव आधी नोंदवावे लागते. त्याची शेवटची तारीख सभेच्या सूचनेत बारीक अक्षरांत असते. प्रश्न कंपनी सचिवाला ईमेलने आधीच पाठवावेत: बँकेतली शिल्लक, गेल्या तिमाहीचा शोधखर्च, प्रत्येक मंजुरीचा प्रस्ताव क्रमांक आणि तिची आजची स्थिती, मारलेली एकूण छिद्रे आणि त्यांपैकी किती निकाल जाहीर केले. माहिती दडवल्याचा पुरावा असेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार पोर्टलवर तक्रार करावी. कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावे लागते. 'भाव का पडला' ही तक्रार तिथे चालत नाही, 'अमुक मंजुरी नाकारली गेली आणि ती बाजाराला कळवली नाही' ही चालते. सभेत काय बोलले गेले ते पुढच्या वर्षी ताडून पाहायचे असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम 119 खाली इतिवृत्ताची प्रत मागता येते. ती कामकाजाच्या सात दिवसांत द्यावी लागते आणि पानामागे 10 रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही.

आपला विश्वासू,
एक भागधारक, कुडचडे