ब्रँच भरायची आहे, मुग्धे

प्रिय मुग्धे,

दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उचलले नाहीत, ते राग म्हणून नाही. जे सांगायचं होतं ते फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगून उरकायचं नव्हतं. आता आज ओपीडी लवकर आटोपली, लाइट गेलीय आणि पाऊस पुन्हा सुरू झालाय, म्हणून बसले. माझी तब्येत बरी आहे. आईचा गुडघा आहे तसाच.

भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. पहाटे साडेतीनला सिस्टरांनी दार वाजवलं. दहा वर्षांचा मुलगा. जमिनीवर झोपला होता, मध्यरात्री पोटात दुखतंय म्हणून उठला, घरच्यांनी ओवा दिला. मग त्याला ओकारी झाली. आणताना म्हणाला, ‘आई, मला दोन दोन दिसतंय.’ अंगावर सूज नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही, पण पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मुग्धे, तू पुरतं वाचायच्या आधीच म्हणाली असशील, मण्यार! मीही तेच म्हटलं. सापाच्या विषावरच्या लसीच्या, एएसव्हीच्या, दहा व्हायल सुरू केल्या, स्नायूंना जोर यावा म्हणून निओस्टिग्मिन-ॲट्रोपिनही देऊन पाहिलं. फरक शून्य. मण्यारीत तो बहुतेकदा पडत नाही हे आपण वाचलेलं, पण मुलाची मान आपल्या हातावर टाकलेली असताना ते वाचलेलं काही उपयोगाचं नसतं. त्याला थुंकी गिळता येईना. वीसपर्यंत आकडे म्हण म्हटलं तर सहाला श्वास संपला.

श्वासनलिकेत घालायची सहा नंबरची ट्यूब होती. घसा उघडून बघायचा स्कोप होता, बल्ब पेटत होता. आणि वरच्या डॉक्टरांना हाक मारावी असं तिथे कोणी नव्हतं. कॅज्युअल्टीतली ती रात्र आठवते? मी दातांवर स्कोप टेकवला म्हणून तू माझ्या हातातून खेचून घेतलास, सगळ्या इंटर्नसमोर. मी आठवडाभर बोलले नव्हते तुझ्याशी, मेसमध्येही दुसऱ्या टेबलावर बसायचे. तू तसं सगळ्यांसमोर करायला नको होतंस, यावर मी अजून ठाम आहे. पण त्या पहाटे हात वर उचलला गेला, मागे ओढला गेला नाही. स्वरतंतू, कॉर्ड्स, दिसल्या. ट्यूब आत गेली, दोन्ही बाजूंना हवा ऐकू आली.

आलेल्या १०८ मध्ये व्हेंटिलेटर नव्हता. घाटातून जिल्ह्यापर्यंत सगळा रस्ता मी हाताने श्वास द्यायची बॅग दाबत होते. त्याचे डोळे मिटलेले, बोटसुद्धा हलत नव्हतं. सोबतच्या मामाने तर रडून घेतलं. पण तुझं एक वाक्य डोक्यात होतं, की पॅरलाइज्ड पेशंट झोपलेला नसतो, त्याच्याशी बोलत राहायचं. म्हणून मी बोलत राहिले. आता वळण आहे, आता पूल आला, तुझा श्वास मी घेतेय, तू घाबरू नकोस. ड्रायव्हरला ओरडले, दादा, खड्डे बघून. मुलगा काही दिवस व्हेंटिलेटरवर होता, मग सुटला. गेल्या सोमवारी आईबरोबर चालत आला. आणि मला म्हणाला, ‘तुम्ही त्या दादांना खड्डे बघून म्हणालात ना? मला ऐकू येत होतं.’

हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, छान केलंस, जेवलीस का? तिची चूक नाही. पण हे ऐकून तुझ्या पोटात काय होईल ते मला माहीत आहे, म्हणून तुला लिहितेय.

आणि आता खरा घोळ. शनिवारपर्यंत पीजी प्रवेशाच्या कॅप फेरीची पसंतीयादी भरायची आहे. माझ्या रँकला रेडिओ, एक्स-रे-सोनोग्राफीची रेडिओलॉजी, मिळतंय. घरात वाजतगाजत ठरलंय. बाबा पेन्शनीत आलेत, घराचं कर्ज उरलंय, आणि ते म्हणतात त्यात काही खोटं नाही. रात्रीची झोप मिळते, पेशंटचे नातेवाईक अंगावर येत नाहीत, गावात स्वतःचं सेंटर टाकता येतं. एमबीबीएसनंतरच्या सरकारी सेवेच्या, बाँडच्या वर्षाऐवजी १० लाख भरायची सोय बाबांकडे नव्हती, म्हणून तर मी इथे आले, आणि आता तेच म्हणतात, हे वर्ष संपव आणि रेडिओ घे. आत्या म्हणते, मुलीला रेडिओच बरं. मला मात्र यादीत पहिलं ॲनेस्थेशिया, तुझीच भुलीची ब्रँच, लिहायचंय.

इथून तालुक्याच्या रुग्णालयात ऑपरेशनची खोली, ओटी आहे, टेबल आहे, गायनॅक आहेत. भूल देणारा येईल त्या दिवशी सिझेरियन होतं, नाहीतर अडलेली बाई पुढे पाठवतात. एमबीबीएसवाल्यांना भुलीचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायची सरकारी योजना आली ती याचसाठी. बिरवाडीचं प्राथमिक आरोग्य केंद्र इथून फार लांब नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर सरांनी तिथेच विंचूदंशाचे पेशंट रात्ररात्र बसून पाहिले, १९८२ मध्ये त्यांचं लिखाण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं, पुढे प्राझोसिन या औषधाने माणसं वाचू लागली. मी बावस्कर होणार नाही. पण अशा जागी बसून केलेलं काम लहान असतं, असं मला कोणी सांगू नये.

आता तुझ्यावर येते. गेल्या वर्षी पहाटे तीनला ओटीबाहेरून फोन करून तूच म्हणाली होतीस ना, पुन्हा निवडायला मिळालं तर त्वचारोगाची ब्रँच, स्किन घेईन? सर्जनला पेढे मिळतात, आणि काही बिघडलं की भुलीकडे बोट. तेव्हा तू थकली होतीस की ते खरं होतं? मला तेवढंच हवंय. माझं हे एका पहाटेचं वेड असेल तर वीस वर्षांनी कोणत्या तरी नर्सिंग होमच्या जिन्यावर मला ते कळेल, आणि मग बाबांसमोर काय तोंड घेऊन उभी राहू? सीट सोडली की दंड, पुढची वर्षं गेली. पण रेडिओ घेतलं, एखाद्या रात्री शेजारच्या खोलीत कोणाचा श्वास थांबला आणि माझा हात ही विद्या विसरलेला असला, तर? मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते. बाबांना हे सांगताना शब्द सुचत नाहीत, तुला सांगताना सुचतात.

तुझा थिसिस कुठवर आला? गाइड सही देतायत का? निखिलच्या घरच्यांनी तारीख धरली तर मला आधी कळव, इथून रजा मिळवणं म्हणजे दिव्य आहे. आणि त्याला लग्नाआधीच सांगून ठेव की तू घोरतेस. होस्टेलची अख्खी विंग साक्षीला येईल.

शुक्रवारी रात्री नऊनंतर फोन कर, रेंज गच्चीवर येते, मी तिथेच असेन. ‘तुला वाटेल ते कर’ असलं काही बोलणार असशील तर फोनच करू नकोस. सरळ सांग, घेऊ की नको.

तुझी,
वैशाली