पुठ्ठ्याच्या पाट्यांना घाबरणारं कॉलेज : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी रावेर-यावल पट्ट्यातला केळी उत्पादक. माझी मुलगी इकडच्याच एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात कॉलेजने माझ्या हातात एक मजकूर दिला आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर उतरवून, सही करून आणायला सांगितलं. माझी पाल्य यापुढे महाविद्यालयात किंवा बाहेर कोणत्याही निदर्शनात भाग घेणार नाही, घेतल्यास होणारी कारवाई मला मान्य राहील. हे हमीपत्र दिल्याशिवाय तिचा परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही म्हणे.

तिचा गुन्हा ऐका. कॉलेजच्या कार्यक्रमाला एक वक्ते बोलावले होते. मुली जास्त शिकल्या की संसार मोडतात, असं ते भाषणांतून सांगत फिरतात. पाच-सहा मुलींनी आमच्या शेडमधली केळीची खोकी फाडली, पुठ्ठ्यावर रंगाने लिहिलं, 'तुम्ही बोला, पण आमच्या प्रश्नाचं उत्तरही द्या' आणि त्या पाट्या घेऊन गेटबाहेर उभ्या राहिल्या. घोषणा नाही, रस्ता अडवला नाही. वक्त्याला बोलू देऊ नका असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. पाहुण्यांचं भाषण ठरल्याप्रमाणे झालं, शाल-श्रीफळ झालं. मुलींना मात्र पोलिसांनी गाडीत घालून पोलीस ठाण्यात नेलं आणि कार्यक्रम आटोपेपर्यंत बसवून ठेवलं.

मला फोन आला तेव्हा बागेत कटाई चालू होती. व्यापाऱ्याची गाडी येऊन उभी, मजूर लावलेले. तसंच सोडून पळालो. माल उन्हात पडून राहिला आणि व्यापाऱ्याने भाव पाडला, तो तोटा कोण भरून देणार? ठाण्यात साहेब मला म्हणाले, "काका, पोरीला आवरा, उद्या लग्न जमवायचंय तिचं." आमच्या घराण्यातली कॉलेजची पायरी चढलेली ही पहिली मुलगी. तिची आई त्या रात्री जेवली नाही. गावात बोलबाला एवढाच की पोरीला पोलिसांनी नेलं. कशासाठी नेलं, हे विचारायला कोणी आलं नाही.

त्याच कॉलेजात हिवाळ्यात अंधश्रद्धेवर बोलायला एक प्राध्यापक येणार होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. एका संघटनेने 'तीव्र आंदोलन छेडू' असं निवेदन दिलं आणि आदल्या रात्री व्याख्यान रद्द झालं. कारण सांगितलं कायदा व सुव्यवस्था. निषेध करायचा हक्क त्या पोरांनाही होता, हे मी मानतो. काळ्या फिती लावा, गेटवर उभे राहा, भाषण संपल्यावर हात वर करून जाब विचारा. पण दुसऱ्याचं तोंडच बंद करायचा हक्क त्यांना कोणी दिला? त्यांच्यापैकी एकाच्याही बापाला स्टॅम्प पेपर आणायला सांगितला नाही. धमकी देणारा मोकळा आणि पाटी धरणारी ठाण्यात, हा न्याय कुठला?

निदर्शन हेसुद्धा घटनेच्या कलम १९ मध्ये, म्हणजे बोलण्याच्या आणि शांततेने जमण्याच्या हक्कात बसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं आहे. जमावाच्या धमकीला घाबरून सरकारने कोणाची अभिव्यक्ती दाबता कामा नये, हे १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात सांगितलं. केळी पिकवणाऱ्या माणसाला हे शोधून काढावं लागतं, आणि आपल्या खात्याने कॉलेजांना ते सांगितलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याच दिवसांत, त्याच गावात त्याला पर्याय म्हणून भरवलं जाणारं विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. एका तालुक्याच्या गावाने दोन्ही मांडव पेलले. मग भिंतीच्या आतल्या कॉलेजला सहा मुली का पेलवत नाहीत?

कारण कॉलेजात बोलणारं कोणी उरलंच नाही. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे सर पुढच्या वर्षी घेतील की नाही या धास्तीत. मुलीच्या एका सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमचं बरोबर आहे, पण माझं नाव घेऊ नका. आणि मुलांनी कोणाकडे जायचं? २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका लिहिल्या आहेत. आमच्या कॉलेजात अजून एक मतपेटी आलेली नाही. अठराव्या वर्षी या पोरी आमदार-खासदार निवडू शकतात, वर्गाचा प्रतिनिधी नाही. मत मागायला आमच्या बांधावर येता, मत मांडलं की पोलीस पाठवता. १९४२ च्या आंदोलनात शाळकरी वयात इंग्रजांची गोळी झेलणाऱ्या नंदुरबारच्या शिरीषकुमारचं नाव भाषणात घ्यायचं आणि शिकणाऱ्या पोरींना निदर्शन करणार नाही असं लिहून मागायचं, हे आम्ही कुठवर ऐकून घ्यायचं?

मी हमीपत्रावर सही करणार नाही. माझ्या मुलीचा आणि तिच्या मैत्रिणींचा परीक्षेचा फॉर्म विनाअट घ्यायला कॉलेजला लेखी कळवा. रद्द झालेलं व्याख्यान त्याच सभागृहात पोलीस बंदोबस्तात होऊ द्या. ज्यांना निषेध करायचा, त्यांना गेटजवळ जागा द्या. प्रत्येक पाहुण्याच्या भाषणानंतर मुलांच्या प्रश्नांना वेळ ठेवायचं परिपत्रक काढा. ते संसार मोडण्याचं सांगणारे गृहस्थ पुन्हा आले तरी येऊ द्यात, पण या वेळी मुलींना आत पहिल्या रांगेत बसवा. फॉर्मची मुदत याच महिन्यात संपते, तेव्हा उत्तर त्याआधी यावं.

आपला,
एक पालक व केळी उत्पादक शेतकरी,
जि. जळगाव