मा. गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र: पसंती विचारा, पण हिशोबासकट

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी योजनेत घरं बांधण्याआधी लोकांना 'तुम्हाला कसं घर हवं?' असं नुसतं विचारलं, तर सगळ्या थरांतून एकच उत्तर येतं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत संडास-बाथरूम, पक्की इमारत. त्या उत्तरावर सात मजले चढतात, आणि पुढे ज्या गरीब कुटुंबांसाठी ही घरं बांधली, तीच ती भाड्याने देऊन जुन्या वस्तीत परततात. मग आपले अधिकारी त्यांनाच बोल लावतात.

नोकरदाराला पगारपत्रकावर कर्ज मिळतं. तो निर्वेध मालकी, शाळा, पार्किंग बघतो आणि त्यापायी लांबचा प्रवास सोसतो. श्रीमंतांना शेजारसुद्धा निवडून घेता येतो. रोजंदारीवरच्या कुटुंबाला मात्र घर कामापासून तोडता येत नाही. धुणीभांडी करणारी बाई चालत जाऊन चार घरं धरते. वस्ती दहा किलोमीटर लांब गेली की त्यातली दोन सुटतात, वर बसभाडं. हातगाडी चौथ्या मजल्यावर चढत नाही. शिलाई मशीन दारातल्या उजेडात असतं तोवर गिऱ्हाईक येतं. आणि लिफ्ट! घराचा हप्ता सवलतीचा असेल, पण लिफ्टचं वीजबिल, देखभालीचा करार, पाण्याचा पंप यांना सवलत नसते. काही घरांची वर्गणी थकली की आधी लिफ्ट बंद पडते, मग पंप, आणि वरच्या मजल्यांवर जिन्याने हंडे चढू लागतात.

पसंतीची पाहणी करायचीच तर प्रत्येकाला खर्चायला २० ठोकळे द्या आणि प्रत्येक सोयीची किंमत ठोकळ्यांत ठेवा. कामाजवळची जागा ८, जादा खोली ६, पुढे वाढवायला मोकळी जागा ५, तळमजला ४, लिफ्ट ३. बेरीज २६ होते, म्हणजे काहीतरी सोडावंच लागेल. काय सोडलं तेच नोंदवा. हे आकडे नमुन्याचे. खरे आकडे स्थानिक खर्चावरून काढा आणि लिफ्टच्या किमतीत दहा वर्षांची देखभाल धरा. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवा, एरवी बाईचं उत्तर नवराच देतो. पाहणी संध्याकाळी करा, कारण दुपारी कमावती माणसं घरी नसतात. भाडेकरूंना वगळू नका. पात्रता यादीत ते नसतात, पण घर पडलं की पहिले रस्त्यावर तेच येतात.

वाढतं घर ही नवी कल्पना नाही. इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी सर्वांत गरीब गटाला जोतं आणि संडास-मोरीसह छोटा भूखंड दिला. बाकीचं घर कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे चढवलं. चिलीतल्या इकीके शहरात २००४ साली वास्तुविशारद अलेहान्द्रो अरावेना यांच्या गटाने अर्धंच घर बांधून दिलं, पण कुटुंबं राहत होती त्याच जागेवर. आमच्या मते यातला 'त्याच जागेवर' हा भाग अर्ध्या घरापेक्षा मोलाचा आहे.

आमची मागणी एवढीच: ठोकळ्यांचा तक्ता आणि दरमहा देखभालीचा अंदाज जोडल्याशिवाय कोणत्याही आराखड्याला मंजुरी देऊ नये, आणि ही दोन्ही कागदं निविदा निघण्याआधी वस्तीत लावावीत.

कळावे,
आपले विश्वासू,
गृहनिर्माण क्षेत्रात काम करणारे काही जण