निर्देशांकात न दिसणारे विष

संपादक महोदय,

शहरी हवेची चर्चा बहुधा धूलिकणांपाशीच थांबते. त्या कणांना चिकटून किंवा वायुरूपाने वावरणारे विषारी हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनची संयुगे) हवा गुणवत्ता निर्देशांकात सहसा धरलेच जात नाहीत. बेन्झीन हे त्यातले ठळक उदाहरण. ते पेट्रोलमध्ये मुळातच असल्याने वाहनांच्या धुरातून येतेच, पण टाकीत इंधन भरताना जो उग्र वास नाकात शिरतो (आणि काहींना तो चक्क आवडतो), त्या वाफेतही असते. दीर्घकाळच्या संपर्काने ते अस्थिमज्जेवर आघात करते आणि त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही.

डिझेल, कोळसा, लाकूड किंवा कचरा अर्धवट जळाला की पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन (अनेक कार्बन-वलये एकमेकांना जोडलेली संयुगे) तयार होतात आणि काजळीच्या सूक्ष्म कणांवर बसून फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात. त्यांपैकी बेन्झो(ए)पायरीनचे शरीरात जे रूपांतर होते, ते थेट डीएनएला जोडले जाते. धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच दाखवला होता. तरीही कचरा पेटवणे आजही किरकोळ बाब समजली जाते, हे अनाकलनीय आहे.

हवामापन केंद्रांनी बेन्झीन आणि बेन्झो(ए)पायरीन या दोन्ही घटकांचे आकडे नियमित जाहीर करावेत, तसेच वस्तीलगतच्या पेट्रोल पंपांवर वाफ परत खेचून घेणारी यंत्रणा सक्तीची करावी.

– एक वाचक