तक्रार: दाखवली एक रूम, दिली दुसरीच, आता डिपॉझिट परत करा

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. तक्रार लातूरच्या तुमच्या मुलींच्या होस्टेलमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या रूमची आहे, तिकीट नंबर तुमच्याकडं आहे, मेलही आहेत, पुन्हा पहिल्यापासून सांगत बसणार नाही.

फोनवरचा तुमचा माणूस काय बोलला ते मात्र पूर्ण सांगते. मी म्हणलं, रूम बदलून द्या नाहीतर डिपॉझिट द्या. तर म्हणतो, "मॅडम, रूम घ्यायच्या आधी चेक करायचं असतं." मी म्हणलं केलं होतं. तर म्हणतो, "बाकीचे पालक नीट बघून घेतात, त्यांची तक्रार येत नाही." मग मी अॅग्रीमेंटमधली ओळ वाचून दाखवायला लागले तर मधेच तोडून, "मॅडम, मिस्टर आहेत का घरी? त्यांना द्या ना फोन, तुम्हाला हे अॅग्रीमेंटचं नाही समजणार." अहो, सही माझी आहे, पैसे माझ्या खात्यातून गेलेत, लेकरू माझं तिथं राहतंय. मी गप्प राहिले तर दोन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि कट केला. हे रेकॉर्ड होतं म्हणता ना, मग ऐका एकदा स्वतः.

आता मी काय चेक केलं ते ऐका. लातूरला, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरला, रूम बघताना माणूस आधी नळच सोडून बघतो. मीही बघितला, धो धो पाणी होतं, पण ती रूम पहिल्या मजल्यावरची होती. पैसे भरल्यावर चावी मिळाली तिसऱ्या मजल्याची. टाकी बरोबर डोक्यावर, पाण्याला खाली यायला उंचीच नाही, म्हणून त्या मजल्याला प्रेशरच मिळत नाही, आणि सकाळी मोटर बंद झाली की आठच्या आत नळ कोरडा. पोरी क्लासला जायच्या आधी बादल्या भरून ठेवतात. तुमच्या कंपनीला हे माहीत नाही असं कसं म्हणू, बिल्डिंग तुमची, प्लंबर तुमचा.

खिडकीचं तेच. दाखवलेल्या रूमची खिडकी रस्त्याकडं, दिलेल्या रूमची डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या चारी बाजूंनी भिंती असलेल्या अरुंद जागेत. भर दुपारी लाइट लावून अभ्यास, वरून स्लॅब तापलेला. कूलर लावा म्हणता, त्याचं भाडं वेगळं घेता, पण कूलरला मागून बाहेरची हवा लागते. डक्टमधल्या खोलीत नुसता दमटपणा होतो, वह्यांची पानंसुद्धा ओली लागतात. मेडिकलच्या प्रवेशाची नीट परीक्षा मे महिन्यात असते, म्हणजे खरा अभ्यास ऐन उन्हाळ्यात, हे तुमच्या जाहिरातीतच लिहिलंय.

आणि सगळ्यात जास्त जीव ज्याच्यात अडकलाय ते म्हणजे चॅनल गेट, खालचं सरकतं लोखंडी दार. रात्री दहाला खाली कुलूप लागतं, सेफ्टीसाठी, ते बरोबरच आहे. पण चावी वॉचमनकडं आणि वॉचमन झोपतो पलीकडच्या बिल्डिंगमध्ये. दुसरा जिना नाही, खिडक्यांना पक्की ग्रील. रात्री मीटर बॉक्समध्ये शॉर्ट सर्किट झालं, धूर झाला तर एवढ्या पोरींनी जायचं कुठून? दाखवताना दिवस होता, गेट उघडं होतं, मला हे कसं दिसणार? हे विचारलं तर उत्तर तेच, आधी चेक करायचं असतं. रूमच्या आतली कडीसुद्धा नीट बसत नाही, ती अजून तशीच आहे.

लाइट बिल रूमच्या वेगळ्या सब मीटरवर घेता, पण चावी देताना रीडिंग लिहून दिलं नाही. युनिटला जो रेट लावता तो महावितरणच्या बिलावर कुठंय ते दाखवा म्हणलं तर बिल ऑफिसला आहे म्हणता. आणि मधेच रूम सोडली तर सगळं डिपॉझिट जप्त, ही अट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानानं अवाजवी दंड लावणारी अट अन्याय्य करारात मोडते. एक रूम दाखवून दुसरी देणं हे तर फसवणंच झालं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करणार आहे, त्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात केस करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही.

आमच्या अहमदपूरकडून दरवर्षी पोरी लातूरला जातात. तुमच्या होस्टेलचं नाव ऐकून विश्वासानं पैसे भरले होते, त्याचं फार वाईट वाटतंय. आता कुणी विचारलं तर मी सांगणार, जी रूम देणार तिचाच नंबर पावतीवर लिहून घ्या, दुपारी जाऊन नळ सोडा, मीटरचा फोटो काढा, आणि रात्री गेटची चावी कुणाकडं असते ते आधी विचारा.

मला आठ दिवसांत लेखी उत्तर पाहिजे. पहिल्या मजल्यावरची, दाखवलेली रूम द्या, नाहीतर पूर्ण डिपॉझिट आणि उरलेल्या महिन्यांचं भाडं ज्या खात्यातून आलं त्याच खात्यात परत करा. चॅनल गेटच्या चावीचं मात्र आठ दिवस थांबू नका, ती आज रात्रीपासून बिल्डिंगच्या आत राहणाऱ्या वॉर्डन मॅडमकडं द्या. आणि यापुढं फोन केला तर माझ्याशीच बोला.

एक पालक, अहमदपूर