बुटक्या सेजब्रशवाल्या ताईला जाहीर थँक्यू

प्रिय ताई,

तुला व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू म्हटलं की तू एक अंगठा पाठवून विषय संपवतेस, म्हणून यावेळी सगळ्यांसमोर लिहितेय, आता काय करायचं ते कर. अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉयसीतल्या निम्म्या मराठी लोकांना तू "ती गवतवाली" म्हणून माहितीयेस, पण शनिवार-रविवार त्या ओवायहीच्या माळावर जाऊन तू नेमकं काय करतेस ते कुणालाच धड सांगता येत नाही.

एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे, आलेल्या बाईचं इथलं पहिलं वर्ष कसं जातं ते वेगळं सांगायला नको. लोक सल्ले देतात, कोर्स कर, योगा कर, सोअरडो ब्रेड बनव. तू मंडळाच्या कोजागरीला भेटलीस आणि पहिलाच प्रश्न टाकलास, "तुझं अक्षर कसं आहे?" तुला माळावरच्या झुडपा-गवतांच्या मोजणीची डेटाशीट भरायला माणूस हवा होता, आणि खरं सांगते, त्या वर्षात कुणाला तरी माझी काहीतरी गरज आहे असं वाटलेलं ते पहिलंच.

पहिल्या दिवशी तू रस्त्याच्या एका अंगाला छातीएवढं सेजब्रश, म्हणजे इथलं राखाडी पानांचं वासाचं झुडूप, दाखवलंस आणि दुसऱ्या अंगाला गुडघ्याच्याही खालचं. पाऊस तोच, बर्फ तेच, ऊन तेच, मग हे असं खुजं का? तू काही न बोलता फावडं काढलंस. वीतभर खाली गेलं आणि ठण्ण. चिकणमातीचा घट्ट थर. तेव्हा समजावलंस की मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळतं, पाणी त्या थराखाली उतरत नाही, वरच साचतं आणि मुळांना हवा मिळत नाही, आणि जुलैत तीच माती वाळून टणक होते, भेगा पडतात, मोठ्या सेजब्रशला मूळ खोल सोडायला जागाच उरत नाही. हे लो सेजब्रश मात्र दोन्ही सोसतं. उंची कमी म्हणून वय कमी नाही, एका वाळक्या खोडाच्या कड्या मोजायला लावल्यास आणि ते बुटकं माझ्यापेक्षा मोठं निघालं. मग खड्डा थराला थर लावून जसाच्या तसा बुजवलास, ते पण लक्षात आहे.

आणि तो वास! पान चोळून नाकाशी धरलंस आणि म्हणालीस, चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा याच भावकीतला. दवण्यासारखा गोड नाहीये, कापराकडे झुकतो, पण ती टोकाला तीन दाते असलेली राखाडी पानं अजून माझ्या जॅकेटच्या खिशात सापडतात आणि मी ती फेकत नाही.

मग ते कोड. ५० मीटरचा टेप जमिनीवर, तू पिन सोडणार आणि ती ज्याला टेकेल ते ओरडणार, पोसे, पोसे, माती, दगड, फेईड, एरार-एट, माती, शेवाळ, आणि मी वाऱ्यात कागद धरून लिहिणार. पोसे म्हणजे सँडबर्ग ब्लूग्रास, फेईड म्हणजे आयडाहो फेस्क्यू, दोन्ही गवतं, एरार-एट म्हणजे आपलं बुटकं. नवऱ्याला वाटलं मी कुठल्या पंथात गेले. त्या पोसेचं पातं तू बोटावर धरून दाखवलंस, टोक बरोब्बर होडीच्या नाळेसारखं वर आलेलं, ते एकदा कळलं की गल्लत कमी होते. आणि शहाणं गवत आहे ते, बर्फ हटतंय तोवर हिरवं होतं, वरच्या चार बोटं मातीतलं पाणी पिऊन घेतं, जूनपर्यंत बी टाकून मोकळं, मग उन्हाळाभर झोप. फेस्क्यूला जरा खोल माती लागते, उत्तरेचा उतार लागतो, आणि ब्लूबंच व्हीटग्रास सगळ्यात नाजूक, ते पोटरीत आलेलं असताना गुरं सोडली की वाढीचं टोकच खाल्लं जातं आणि परत फुटायला मातीत ओल शिल्लक नसते. हे मला सगळ्यात जास्त पटलं कारण आजोळी शेती आहे. ओल्या मार्चमध्ये त्या चिकणमातीवर गुरांचे खूर रुतले की काय होतं तेही बघितलं, खड्डेच खड्डे.

ठोंबांच्या मधली ती काळपट खरबरीत जमीन मी मेलेली माती म्हणून लिहायला निघाले होते तर तू थांब म्हणालीस आणि बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलंस. अगं मिनिटभरात ते हिरवं! मिटलेली इवलीशी पानं डोळ्यांसमोर उघडली. शेवाळ, दगडफूल, सायनोबॅक्टेरिया सगळे मिळून मातीवर कवच धरतात, वाऱ्याने धूळ उडू देत नाहीत, त्यातले काही हवेतला नायट्रोजन मातीला देतात, आणि कवच अखंड असेल तर चीटग्रास या बाहेरून आलेल्या गवताच्या बियांना तिथे रुजणं अवघड जातं. तेव्हापासून मी माळावर दगडांवरून उड्या मारत चालते, लोकांना हसू दे.

पण तू जे खरं शिकवलंस ते मोकळ्या जागेबद्दल. दोन ठोंबांमधलं अंतर मोजायला लावायचीस तेव्हा मला वाटायचं रिकाम्या जागेचं काय मोजायचं. तर आग त्या रिकाम्या जागेमुळे अडते. जळायलाच काही नाही, एका झुडपावरून दुसऱ्यावर पोचणार कशी. म्हणून तर खडकाळ लो सेजब्रशच्या पट्ट्यात कित्येक शतकं वयाचे ज्युनिपर वृक्ष अजून उभे आहेत, आजूबाजूचं जळलं तरी ते वाचले. आता मात्र या फटी भरतायत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-आशियाकडून आलेलं चीटग्रास, मग चिकणमाती आवडणारं मेडुसाहेड, आणि आता व्हेंटेनाटा, सगळी एकसाली गवतं, शरदात किंवा वसंतात लवकर उगवतात, उन्हाळा लागतो न लागतो तोच वाळतात, आणि मग सगळा माळ सलग पेटायला तयार. बरं हे बुटकं सेजब्रश जळलं की बुडापासून फुटत नाही, बी बारीक, आईच्या आसपासच पडतं, म्हणजे परत यायला दशकं. ऑगस्ट २०१५ मधल्या सोडा फायर नावाच्या वणव्यात सुमारे २ लाख ८० हजार एकर गेलं, त्यातल्या एका तुकड्यात तू मला नेलंस तेव्हा मे महिना होता आणि लांबून हिरवंगार दिसत होतं. जवळ गेलो आणि पिन पडेल तिथे ब्रटी, ब्रटी, ब्रटी, म्हणजे चीटग्रासच. तू काही बोलली नाहीस, मी लिहीत राहिले. आता हिरवं दिसलं की मी आधी वाकून बघते कोण आहे ते.

एप्रिलमधली ती पहाट पण तुझीच देणगी. हीटर बंद, बोलायचं नाही, चहा पण नाही (याबद्दल माफी नाही), आणि उघड्या बुटक्या माळावर सेज-ग्राऊसचे नर छातीच्या पिवळट पिशव्या फुगवून नाचतायत. हा पक्षी हिवाळाभर जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खाऊन राहतो, आणि नाचायला त्याला असं मोकळं रान लागतं. तू सोलापूरची, तुला नान्नजचा माळढोक आठवणारच. तिथे पण नर गळ्याची पिशवी फुगवतो, तिथे पण जमिनीला पडीक म्हणून टाकलं, आणि वर झाडं लावायची हौस, माळरानावर गिरिपुष्प लावून हिरवं केल्याचा आनंद. इथे उलट, माळावर पसरलेले नवे ज्युनिपर कापतात कारण झाड आलं की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि ग्राऊस ती जागा सोडतो. झाड कापणं चांगलं असू शकतं हे पुण्यात माझ्या आईला फोनवर समजवायला अर्धा तास गेला, ती अजून तुझ्यावर नाराज आहे.

तर ताई, डेटाशीटसाठी थँक्यू, फावड्यासाठी थँक्यू, आणि मी दर पाच मिनिटांनी "हे काय, ते काय" विचारलं तरी एकदाही "गूगल कर" म्हणाली नाहीस त्यासाठी सगळ्यात जास्त. मागच्या महिन्यात मंडळाची पिकनिक मीच माळावर नेली, निघताना सगळ्यांना गाडीत बसायच्या आधी मोजे आणि बूट झाडायला लावले, चीटग्रासची कुसळं घरी नेऊ नका म्हणून. एका काकांनी सॉक्सच काढून फेकले, ते मला परत आणायला जावं लागलं. त्या गडबडीत तू दिलेला बूट घासायचा ब्रश कुणीतरी ढापलाय. शनिवारी येताना एक जास्तीचा घेऊन ये, डबा माझ्याकडे.

तुझीच,
अक्षर बरं असलेली