सायमन, बोट तुझ्याकडे येतेय

वसई, नोव्हेंबरअखेर

प्रिय सायमन,

हे पत्र तुझ्या भाच्याच्या हाती देतोय. तो उद्या सकाळच्या मांडवीने निघेल आणि रात्री तुझ्याकडे पोचेल. फोन केला असता, पण जे बिघडलंय ते फोनमुळेच बिघडलंय. वाचून झालं की मधलं पान नव्या पोरांसाठी काढून ठेव आणि बाकीचं फाडून टाक. भाच्याकडून बोटीच्या ओळख क्रमांकाचे सात आकडे पाठ करून घेतलेत. ते कागदावर नाहीत.

इकडे सगळे बरे. आईची साखर ताब्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच.

तर झालं असं. अर्धा कोळसा इकडे उतरवून एक बल्कर, सुट्या मालाची बोट, मुरगावकडे निघालीय, उरलेला माल तुमच्याकडे. बंदरात खलाशांना भेटायला जाणाऱ्या आपल्या चर्चच्या स्वयंसेवकांपैकी तिघं तिच्यावर नाताळच्या भेटी घेऊन गेली होती. त्यांत ती पापडीची नवी मुलगी होती. मेसमध्ये दापोलीकडचा एक ओएस, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा खलाशी, भेटला, पहिलीच बोट. किती दिवसांनी कुणी मराठी बोललं म्हणून पोरगा मोकळा झाला. दोन महिने घरी पैसे पोचलेले नाहीत. दर महिन्याला पगाराच्या दोन कागदांवर सह्या घेतात, एकावरचा आकडा मोठा, दुसऱ्यावरचा छोटा. बोटीवर लावून द्यायला एजंटने वडिलांकडून रोख पैसे घेतलेत, पावती नाही. हिला रडू आलं. परतीच्या वाटेवर तिने हे सगळं स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलं, 'प्रार्थना करा' म्हणून. सोबत मेसच्या टेबलाचा फोटो, त्याच्या कोपऱ्यात पोराचा चेहरा. कुणीतरी तो पुढे पाठवला. रात्री एजंटच्या माणसाने दापोलीला वडिलांना फोन केला, मुलाला तोंड सांभाळायला सांगा. पोराने तिला एवढंच कळवलं आणि तेव्हापासून तो गप्प आहे.

मला झोप नाही ती यामुळे. आपल्या माणसाशी बोललं की घरी धमकी येते, एवढंच त्या पोराला आपल्याकडून कळलं. आणि हे त्याच्यापुरतं थांबणार नाही. मेसमध्ये जेमतेम वीस माणसं, एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. पुढच्या बंदरात आपला माणूस शिडी चढला की ते 'ओके सर, नो प्रॉब्लेम सर' म्हणतील आणि टोप्या घेऊन खोलीत जातील.

फादर म्हणतात मुलीला थांबवा. मला ते मान्य नाही. तिच्या मनात खोट नाही, आणि पोरगा बोलला तो तिच्याशीच. आपल्याकडच्या प्रशिक्षणात हेल्मेट, जॅकेट, बूट, गेटपास सगळं येतं, ऐकलेलं कुठे ठेवायचं यावर मात्र एक अक्षर नाही. तुझं मत कळव. तू म्हणालास तर मी फादरांशी पुन्हा बोलेन. तू म्हणालास की ते ऐकतात, हे मला कधीपासून खुपतंय, पण आज त्याचाच उपयोग.

आता घाई कशाची ते. एमएलसी, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला की खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं, मग बोट चालू असो वा बंद. १८ जानेवारी २०१७ पासून मालकाला त्यासाठी विमा किंवा हमी ठेवावीच लागते. अन्न, पाणी, घरी जायचा खर्च त्यातून निघतो, पण थकलेला पगार जास्तीत जास्त चार महिन्यांचाच. म्हणजे हे पोरगं घाबरून आणखी तीन महिने गप्प बसलं, तर पाचव्या महिन्याचे पैसे हमीत बसणार नाहीत. मग राहतं कोर्ट. बोटीवर पगाराचा हक्क सगळ्यांच्या आधी लागतो, बोट अटकवताही येते, पण दापोलीच्या माणसाने वकील कुठून आणायचा? त्याला गप्प राहू देणं सोपं आहे. ते त्याच्या हिताचं नाही.

आधी आकडे तपास. भाचा हुशार आहे, पण गाडीत झोपतो. आयएमओ क्रमांकाच्या, म्हणजे बोटीच्या त्या ओळख क्रमांकाच्या, पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ ने गुण आणि बेरीज कर. बेरजेचा शेवटचा आकडा आणि सातवा आकडा एकच आला पाहिजे. ९०७४७२९ घे: ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९. शेवटी ९, जुळलं. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी यात पकडले जातात. नावावर जाऊ नकोस. बोटीचं नाव आणि झेंडा दोन्ही बदलतात, हा क्रमांक बोट भंगारात जाईपर्यंत तोच राहतो.

इथून पुढचं पान तुझ्या दोन नव्या पोरांना वाचून दाखव. तुला हे सगळं येतं, पण तू तोंडी सांगताना निम्मं गाळतोस.

आदल्या दिवशी बोटीचं बंदरातलं काम बघणाऱ्या एजंटकडून माणसांचा आकडा घ्या आणि दोन भेटी जास्तीच्या बांधा, कारण सर्व्हेअर किंवा जादा कॅडेट निघतोच. साबण, पेस्ट, ब्रश, मोजे, लोकरी टोपी, चार्जिंगची केबल, चॉकलेट. जिलेटिनच्या गोळ्या नकोत, ते डुकराचं असू शकतं आणि निम्मी बोट मुसलमान असू शकते. गेटवर द्यायला सामानाची यादी दोन प्रतींत ठेवा.

शिडी चढताना पिशवी पाठीवर, दोन्ही हात कठड्यावर. कोळसा उतरतो तशी बोट वर येते आणि शिडी उभी होत जाते. सकाळी बरी असलेली शिडी दुपारी जीव घेईल अशी होते. पायऱ्या तिरप्या झाल्या असतील किंवा खालचं जाळं नसेल तर चढू नका, पहारेकऱ्याला सांगा, ते नीट करून देतात. वर गेल्यावर वहीत नाव, वेळ, सही, आणि पाहुण्याचं कार्ड गळ्यात. आत गल्लीत पुठ्ठे अंथरलेले असतील, त्यावरूनच चाला आणि दाराशी बूट काढा. ती गल्ली रोज कुणीतरी गुडघ्यावर बसून पुसतो, आणि बहुधा तो ओएसच असतो.

वेळ सकाळी दहाची किंवा दुपारी तीनची, चहाची. बंदरात बरेच जण सहा तास काम, सहा तास झोप असे चालतात. झोपलेल्याला भेटीसाठी उठवू नका. चोवीस तासांत दहा तास विश्रांती आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा, हा त्यांचा हक्क आहे.

मेसमध्ये पहिल्यांदा वायफायचा डबा खिडकीच्या काचेला टेकवून ठेवा. चारही बाजूंनी पोलाद, टेबलावर ठेवला तर रेंज मिळत नाही. पासवर्ड देण्याआधी सगळ्यांना फोनचं आपोआप अपडेट बंद करायला सांगा, नाहीतर वीस फोन मिळून पहिल्या दहा मिनिटांत डेटा संपवतात. हल्ली बऱ्याच बोटींवर इंटरनेट असतं, मेस रिकामी आणि सगळे खोलीत. अशा वेळी चीफ कुकशी बोला. तो दिवसभर एका जागी असतो आणि ताजी भाजी कधी संपली ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

नोटीस बोर्ड वाचा. तिथे हमीची दोन प्रमाणपत्रं लावलेली असली पाहिजेत, एक घरी पाठवण्याचं आणि पगाराचं, दुसरं मृत्यू-अपंगत्वाच्या भरपाईचं. मुदत कधी संपते आणि मदतीसाठी कुणाशी संपर्क करायचा, दोन्ही त्यावर असतं. बाहेर आल्यावर वहीत लिहा. फोटो काढू नका. माणसांचा, टेबलाचा, कशाचाच नाही.

आणि एकट्या कुणाला बाजूला घेऊ नका. सगळ्यांना एकच कार्ड द्या, त्यावर युनियनचा, आयटीएफचा (वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि चोवीस तास चालणाऱ्या सीफेअररहेल्प या खलाशांच्या हेल्पलाइनचा नंबर. विचारायचं ते सगळ्यांना सारखंच: करार किती महिन्यांचा, घरी पैसे पोचतात का, जेवण कसं, शेवटचं जमिनीवर कधी उतरलात. ज्याला बोलायचं असतं तो आपणहून तुम्हाला शिडीपर्यंत सोडायला येतो. तो बोलला की तीन गोष्टी विचारा: हे कुणाला सांगू का, कुणाला सांगू, आणि तुझं नाव घेऊ का. नको म्हणाला तर नको. गटात नाही, घरी नाही, प्रार्थनेतही नाव नाही.

पोरांचं पान संपलं.

आता त्या पोराचं. त्याचं नाव घेऊन विचारू नकोस. ओएसला शिडीवरचा पहारा असतोच, तेव्हा तो तुला वर चढतानाच भेटेल अशी शक्यता मोठी आहे. दोन-चार मिनिटं तिथे तुम्ही दोघंच असाल, त्याच्या हातात वॉकीटॉकी असेल, तेवढं जप. मराठीत बोल. एवढंच सांग की फोटो काढला ते चूक होतं, तो गटातून काढलाय, आणि आता तुझ्या परवानगीशिवाय कुणी काही करणार नाही. लगेच उत्तर मागू नकोस. त्याने मान हलवली तर सांग की कराराची प्रत, मिळाल्या असतील त्या पगाराच्या पावत्या आणि घरच्या पासबुकाची नोंद सांभाळून ठेव, आणि काही पाठवायचं तर आपल्या डब्यावरून पाठव, बोटीच्या वायफायवरून नको. करार संपेपर्यंत थांबायचं की आत्ताच आयटीएफच्या इन्स्पेक्टरकडे जायचं, हे त्याने ठरवायचं. एमएलसीप्रमाणे तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नसणार. एजंटने पैसे घेतले ते तर सरळ बेकायदा आहे. डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, लायसन्स असलेला एजंट खलाशाकडून नोकरीचे पैसे घेऊ शकत नाही. लायसन्स आहे की नाही ते मी इथे बघतो.

त्याने प्रार्थना मागितली तर कर, तो कुठल्याही धर्माचा असो. नाही मागितली तर मनात कर. हे लिहिताना आपलं ते ग्रीन गेटबाहेरचं भांडण आठवलं. तू पुस्तिकांचा गठ्ठा मेसच्या टेबलावर ठेवायचा म्हणत होतास आणि मी चार्जर. तू चिडून म्हणालास, मग आपण आणि मोबाईलचं दुकान यांत फरक काय? मी अजून तिथेच आहे, सायमन. फिलिपिनो पोरं स्वतःहून मिस्सा मागतात, कुणी गेलं असेल तर खोलीला आशीर्वाद मागतात, तेव्हा फादरांना घेऊन जावं आणि ज्याने मृतदेह पहिल्यांदा पाहिला त्याच्याशेजारी बसावं. न मागता टेबलावर ठेवलेली पुस्तिका दुसऱ्या धर्माच्या माणसाला भेटीची किंमत वाटते. आता या प्रकरणानंतर तर लोक म्हणतील, गोड बोलून आत शिरतात आणि मग बघा काय करतात.

तरी तुझी एक गोष्ट मानतो. चार्जर देऊन निघून येणारे वाढलेत. कंटेनरची बोट एका दिवसात सुटते, पोरगा जमिनीला पाय लावत नाही, आणि आपण पिशव्या वाटून फोटो काढून परत. २०२० मध्ये चार लाखांवर माणसं करार संपूनही बोटींवर अडकली तेव्हा शिडीखालून दोरीला पिशव्या बांधणारे आपणच होतो, वर जायला मनाई होती तरी नावानिशी हाका मारायचो. आता वर जाता येतं आणि नावं माहीत नसतात.

तुझ्या सासऱ्यांच्या धोबीतलावच्या कुडीचा, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या उतरायच्या घराचा, विचार फार येतो. गावच्या तारवट्यांची, खलाशांची, पेटी ठेवायला जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजरी, आणि कुठल्या एजंटच्या नादी लागू नकोस हे सांगणारा कुणीतरी म्हातारा. दापोलीच्या पोराला तो म्हातारा मिळाला नाही. एजंटने दाखवलेल्या खोलीत सात-आठ जणांत तो राहिला आणि जे पुढे आलं त्यावर सही केली. मुरगावला त्याच्यासाठी तो म्हातारा तू हो. केस तर पिकलेच आहेत.

हो, आणि तुझ्या आईंचा रमवाला केक बोटीवर नेऊ नकोस. त्यांना वाईट वाटेल, पण बऱ्याच कंपन्यांत दारूला पूर्ण बंदी असते, आणि त्या केकमध्ये मैद्यापेक्षा रम जास्त हे आपल्या सगळ्या धर्मग्रामाला ठाऊक आहे. तो इकडे पाठव.

घराचं छप्पर झालं का? धाकटीची परीक्षा कशी गेली? जुन्या गोव्याच्या फेस्ताची धावपळ असेल, ३ डिसेंबर झाल्यावर सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

बोट धक्क्याला कधी लागतेय ते बंदरातल्या एजंटकडून तुला कळेलच. पहिल्या दिवशी जाऊ नकोस, इमिग्रेशन, कस्टम आणि सर्व्हेअर यांच्या गर्दीत कुणालाच वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता जा. आल्यावर मला फोनवर फक्त 'चहा झाला' एवढंच सांग. त्याने परवानगी दिली असेल तर 'दोनदा झाला' म्हण, म्हणजे मी इथे इन्स्पेक्टरला भेटतो.

तुझा,
पास्कू